खिशात राहिलेली चावी

१२ जानेवारी, सोमवार

आम्हा पोलिसांना आठवड्याची डायरी भरून द्यावी लागते. 'अमुक वाजता अमुक ठिकाणी हजर, वाहतूक सुरळीत.' सत्तावीस वर्षं भरतोय, वाहतूक सुरळीत नव्हती असं एकदाही लिहिलेलं नाही. ही डायरी ती नव्हे. ही माझ्या लेकीनं, स्वप्नालीनं दिली. साखर कारखान्याची आहे, कव्हरवर उसाचा फड. "पप्पा, तुमचं बीपी वाढलंय, मनातलं लिहीत जावा," म्हणाली. आजवर कोरीच होती. आज डोकं फिरलंय म्हणून उघडली.

सकाळच्या हजेरीला मॅडमनी नवा आदेश वाचून दाखवला. मॅडम म्हणजे आमच्या वाहतूक शाखेच्या नव्या अधिकारी. त्यांचं वय माझ्या नोकरीएवढं. आदेश असा: किरकोळ कारणासाठी कोणाचीही गाडी थांबवायची नाही. आरसा नाही, मागचा दिवा फुटलाय, इंडिकेटर लागत नाही, मडगार्ड तुटलंय, नंबरप्लेटवर 'दादा' लिहिलंय, तर नुसता फोटो काढायचा. मालकाच्या मोबाइलवर निरोप जाईल, पंधरा दिवसांत दुरुस्त करून घ्या म्हणून. थांबवायचं ते जिवाशी खेळणाऱ्याला. दारू प्यालेला, उलट्या बाजूनं येणारा, मोबाइल कानाला लावून चालवणारा, आणि मागं रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. महिनाभर आपल्या तालुक्यात करून बघायचं, मग प्रत्येकानं लेखी मत द्यायचं. शेवटचं वाक्य मॅडमनी दोनदा वाचलं. कोणाच्याही गाडीची चावी काढायची नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चावी ही माझी खासियत आहे ना. गाडीचं चाक थांबायच्या आत माझा हात हँडलवर आणि चावी मुठीत. मग माणूस वाद घालत नाही. आवाज आपोआप खाली येतो. मग पूर्ण नाव विचारायचं, गाव विचारायचं, सोयरे कोण ते विचारायचं. आमच्या छातीवरच्या पट्टीवर आता आडनाव नसतं, वरूनच तसा हुकूम आहे. माझ्या पट्टीवर नुसतं 'आसाराम'. पण समोरच्याला आडनाव विचारू नका असं कुठं म्हटलंय? नाव कळलं की माणूस कळतो. कोणाला सोडायचं, कोणाला तासभर बसवायचं, ते ठरवता येतं. याला मी अनुभव म्हणतो.

सुग्रीव माझा जोडीदार, पंधरा वर्षं आम्ही एकाच फाट्यावर उभे आहोत. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "आसाराम, आता तुजा हात खिशात घालून ठिव बे. सवयीनं उठंल." सगळे हसले. मॅडमसुद्धा हसल्या. मला ते फार लागलं.


१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. फाट्यावर दिवसभर तिळगूळ. ज्या लोकांना आजवर मी दिसलो की गल्लीबोळातून वाट काढावी लागायची, ते आज समोरून हात करत गेले. "रामराम हवालदार!" म्हणत एक जण गेला, त्याच्या गाडीला आरसा नाही, पुढचा दिवा नाही, मागं नंबर नाही. मी मोबाइल काढून फोटो घेतला. त्यानं फोटोसाठी दात काढले.

बद्रीनाथ म्हणजे फाट्यावरचा चहावाला. त्यानं विचारलं, "हवालदार, आता तुमी फोटोग्राफर झालात का?" चहा अर्धा टाकून उठलो.

घरी आल्यावर स्वप्नालीचा फोन आला. संभाजीनगरला शिकते ती. आदेशाचं सांगितलं तर म्हणाली, "चांगलंय की, पप्पा." बापाची किंमत कोणालाच नाही.


१७ जानेवारी, शनिवार

मंत्री येऊन गेले. बंदोबस्तात दिवस गेला. अकराचं हेलिकॉप्टर सव्वाला आलं, तोवर सगळे रस्ते दोरी लावून बंद. गाड्यांचा ताफा गेला तेव्हा मोजायचा नाद म्हणून मोजल्या, अठ्ठावीस. बहुतेकांच्या काचा काळ्या. सलाम केला.

कागदावर मी सकाळपासून हेलिपॅडला होतो. खरं तर अकरापर्यंत फाट्यावर होतो. तिथं सुग्रीवची ड्यूटी होती, पण त्याची दाढ ठणकत होती, म्हणून डॉक्टरकडून येईपर्यंत मी उभा राहतो म्हटलं. असं आम्ही एकमेकांचं नेहमीच करतो. येताना तोही बंद रस्त्यात अडकला, दोननंतरच फाट्यावर पोचला.

साडेदहाच्या सुमाराला एक मोटरसायकल आली. मागं म्हातारी बसलेली, छातीशी पिशवी धरून. मागच्या दिव्याच्या जागी नुसती वायर लोंबत होती. थांबवायचं नाही हे मला माहीत होतं. पण हात वर झाला. गड्यानं गाडी थांबवली आणि बसल्याबसल्याच म्हणाला, "सायेब, घाईत हाय. दिव्यासाठी थांबवत न्हाईत ना आता?" रस्त्यावर मला कोणी कायदा शिकवलेला चालत नाही. मग दुसरा हातही उठला आणि चावी काढली. लायसन घेतलं, पूर्ण नाव विचारलं. आपल्या ओळखीपाळखीतला नव्हता. मातीला चाललोय म्हणत होता. अडवलं की सगळे मातीलाच चाललेले असतात. एकाच माणसाची आजी मी तीनदा वारलेली ऐकली आहे.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर माझ्या नावाचा पुकारा सुरू झाला, आसाराम कुठंय, हेलिपॅडला का नाही. "थांब इथंच, पाच मिनटात आलो," असं सांगून माझ्या गाडीला किक मारली.

पाय सुजलेत. स्वप्नालीच्या आईनं मिठाचं पाणी केलंय.


१८ जानेवारी, रविवार

स्वप्नालीच्या आईनं धुणं काढताना खिसे उलटे केले आणि विचारलं, "ही कुणाची?"

मोटरसायकलची चावी. तिला कापडाच्या चिंधीची गाठ. मी म्हणालो, "चौकीच्या कपाटाची." तिनं चावी फळीवर ठेवली. कपाटाच्या चावीवर मोटरसायकलचा शिक्का नसतो हे तिलाही कळतं.

चलनाच्या मशीनच्या पिशवीत लायसनही निघालं. अंगद, राहणार नागझरी. फोटोत केस चापूनचोपून बसवलेले, फोटोग्राफरनं सांगितल्यासारखी मान ताठ.

दुसरी चावी असते लोकांकडे. घरी फोन करून मागवली असेल. नाहीतर मेकॅनिकला वायर जोडायला दोन मिनिटं लागतात. शिवाय फाट्यावर माणसं काय कमी असतात? कोणीतरी नेलंच असेल. आज हे मी चार वेळा तरी स्वतःला सांगितलं.


१९ जानेवारी, सोमवार

ड्यूटीवर गेलो तर मोटरसायकल कुठे दिसली नाही. बरं वाटलं. बद्रीनाथकडे चहाला गेलो. त्यानं चहा पुढं सरकवला आणि कप विसळायला लागला. मोटरसायकलीचं मीच विचारलं.

"कालच्याला मेकॅनिक आणून लॉक तोडलं आन् नेली," तो म्हणाला. "शनवारी दोन वाजंस्तोर बसले व्हते ते हितंच. मायलेक."

"दोन वाजेपर्यंत? कावून?"

बद्रीनाथनं माझ्याकडे पाहिलं. "तुमीच म्हणलात ना, थांब, पाच मिनटात आलो."

मग त्यानं सगळं सांगितलं. मी विचारत नव्हतो तरी सांगितलं. म्हातारीची लेक वारली होती, अंगदची बहीण. चतुरा नाव. तेलगावच्या पलीकडं वडाच्या वाडीला दिलेली. म्हातारीच्या पिशवीत साडी होती, माहेरची. लग्न झालेल्या बाईला शेवटी माहेरची साडी नेसवायची असते, माहेरचं माणूस आल्याशिवाय उचलत नाहीत, हे मला कोणी सांगायला नको. माझ्या बहिणीच्या वेळी मीच नेली होती. सासरचे फोनवर फोन करत होते. रात्री वारलेली, किती वेळ ठेवणार?

"मी म्हणलं, माझी गाडी घ्या," बद्रीनाथ म्हणाला. "तर म्होरं दोरी. त्यो पोलीस म्हणतो मंत्री जाईस्तोर चिटपाखरू बी सोडणार न्हाई. म्हातारीला चालणं व्हईना. आन् अंगद म्हणतो, लायसन सायबापाशी हाय, चावी सायबापाशी हाय, सोडून गेलो तर अजून वाढंल. आपण थांबू."

दीडला वाडीवरून शेवटचा फोन आला, आता उचलतो म्हणून. दोनला रस्ता खुला झाल्यावर दुधाच्या गाडीनं दोघांना नेलं. ती दुधाची गाडी परत आली तेव्हा ड्रायव्हरनं सांगितलं, पोचले तेव्हा चिता अर्धी जळून झाली होती.

"मी कुणाला काय बोललो न्हाई," बद्रीनाथ म्हणाला आणि माझा कप उचलून नेला.

मातीला चाललोय असं तो मला म्हणाला होता. मी ऐकलं होतं. शनिवारच्या पानावर मी ते लिहूनही ठेवलंय, विनोद करून. ते पान फाडावं असं वाटलं. फाडलं नाही. हे लिहिताना तोंड कुठं लपवावं कळत नाही, आणि ही डायरी तर कोणी वाचणारही नाही.


२१ जानेवारी, बुधवार

हजेरीला मॅडमनी मोबाइल वर धरला. कोणीतरी निनावी निरोप पाठवला होता. शनिवारी फाट्यावर मागच्या दिव्यासाठी गाडी अडवली, चावी काढली, पोलीस चावी घेऊन निघून गेला, त्या माणसाच्या बहिणीची माती चुकली. पोलिसाचं नाव नाही. पाठवणाऱ्याचंही नाही.

"फाट्यावर कोण होतं?" मॅडमनी विचारलं.

रजिस्टर उघडलं. सुग्रीव.

सुग्रीवनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या गालावर अजून सूज होती. त्यानं लगेच नाव घेतलं नाही, वाट पाहिली. मी बुटांकडे पाहत होतो. नाडी सुटली होती, ती बांधायला वाकलो. मी वर येईपर्यंत मॅडमनी सुग्रीवच्या नावानं कारणे दाखवा नोटीस काढायला सांगितलं होतं. सात दिवसांत उत्तर. सुग्रीवला हवालदाराचा जमादार व्हायचंय, यादीत त्याचं नाव वर आहे. ते आता राहणार नाही.

बाहेर आल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. "आसाराम, तू व्हतास ना तिथं?"

"मी हेलिपॅडला होतो," मी म्हणालो.

"किती वाजल्यापासून?"

"कागदावर बघ."

पंधरा वर्षांत सुग्रीवनं मला कधी शिवी दिली नव्हती असं नाही. रोजच देतो. आज मात्र दिली नाही. "बरं हाय," एवढंच म्हणाला आणि गेला.

असं का बोललो? सस्पेंड झालो तर स्वप्नालीच्या फीचं काय, असं मनात आलं होतं. पण ते नंतर आलं. आधी फक्त भीती वाटली, चारचौघांत मॅडम माझ्याकडे बघतील याची. फीचं नाव मी आता लिहिताना पुढं करतोय.


२४ जानेवारी, शनिवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. चावी पोस्टानं पाठवायचा विचार केला. पाकीट आणलं, पत्ता लिहिला, पाठवणाऱ्याच्या जागी काय लिहायचं तिथं अडलो. स्वप्नालीच्या आईनं टेबलावर पाकीट पाहिलं. "हातानं द्या की," म्हणाली. तिला किती माहीत आहे ते मी विचारलेलं नाही.

आज चौकीत बसून मशीनमधली माझी जुनी चलनं बघत बसलो. ऑक्टोबरपासूनची. किती जणांना अडवलं ते नाही, कोणाला ते बघत होतो. ऊसतोडीचे मुकादम, दुधवाले, गवंडी, भाजीवाल्या बायका, वस्तीवरची, तांड्यावरची माणसं. आरसा नाही, दिवा नाही, हॉर्न नाही. काळ्या काचांची एक सुद्धा जीप नाही. त्या काय माझ्या फाट्यावरून गेल्याच नाहीत? गेल्या शनिवारीच अठ्ठावीस मोजल्या मी.

योगायोग असेल, असं आधी लिहिलं होतं. तो शब्द खोडतोय. ज्यांची नावं ऐकून मी सोडून दिलं, त्यांची चलनंच नाहीत, मग ती दिसणार कशी? आणि ज्याचं नाव ऐकून मी त्या शनिवारी ठरवलं की याला जरा बसवू, ते का ठरवलं हे मला माहीत आहे. ते इथंसुद्धा लिहायचा धीर होत नाही.


२७ जानेवारी, मंगळवार

नागझरीला जाऊन आलो. साध्या कपड्यांत गेलो, दुपारी. घर विचारत विचारत पोचलो. पत्र्याचं घर, पुढं चार शेळ्या, भिंतीला टेकवलेली तीच मोटरसायकल.

अंगद शेळ्यांना पाला टाकत होता. मला पाहिलं आणि हातातला पाला खाली पडला. वर्दी नसतानाही ओळखलं. मी काही बोलायच्या आत तो धावत मोटरसायकलीकडे गेला, ती ढकलत माझ्यासमोर आणली, स्टँडवर लावली, चालू केली आणि हातानं ब्रेक दाबला.

"बघा सायेब. लागतो." मागं नवा लाल दिवा होता. "आरसे बी दोन्ही बसवले. इंडिकेटर बघा. ह्यो डावा. ह्यो उजवा. हॉर्न वाजवू का?" त्यानं हॉर्न वाजवला. शेळ्या दचकल्या. "मडगार्ड तेवढं ऱ्हायलंय, आयतवारी बसवतो. खरंच बसवतो."

मी माफी मागायला गेलो होतो. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. तो एकेक दिवा लावून दाखवत होता आणि माझ्या तोंडून "बरं... बरं..." एवढंच निघत होतं, तपासणी करतोय तसं. शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. पोलीस आलाय म्हणून.

आतून म्हातारी आली, साखराबाई. भिंतीला धरत धरत. तिनं हात जोडले. "आता काय ऱ्हायलं न्हाई ना सायेब? लेकराला कोर्टात न्हेऊ नका."

मी खिशातून चावी काढली, लायसन काढलं. "हे द्यायला आलो होतो."

अंगदनं लायसन दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं. "लई मेहरबानी झाली सायेब. त्याच्याबिगर गाडी काढाया भ्याव वाटायचं." चावी घेताना म्हणाला, "हिचं आता काय काम न्हाई, लॉक बदललं," पण तरी घेतली. नाही घेतली तर मला राग येईल असं त्याला वाटलं असावं.

मला बाजेवर बसवलं. चहा आला. माझ्या पाण्याच्या तांब्याखाली त्यांनी ताटली ठेवली, पाहुण्याला ठेवतात तशी. आत दोरीवर एक हिरवी साडी होती, घडी न मोडलेली. मी बघतोय हे म्हातारीनं पाहिलं.

"संक्रांतीला घेतलती तिच्यासाठी," ती म्हणाली. "यायची व्हती. कावीळ झाली म्हून न्हाई आली. म्हणली, आई, बरी झाले की येते न्यायला. मग म्हणलं, तीच नेसवू. तितं गेलो तर शेजारनीनं आपली दिलती नेसवाया. चांगली व्हती बिचारी." तिनं आत दोरीकडे पाहिलं. "आता हिचं काय करावं कळंना. कुणाला द्याया जीव व्हईना."

तेव्हा मी बोललो. वाक्यं जुळवलेली विसरलो होतो. म्हणालो, "आई, त्या शनवारी तुम्हाला अडवणारा मीच. दिव्यासाठी थांबवायचं नव्हतं. चावी मीच खिशात घालून गेलो, आणि तुमची आठवण सुद्धा झाली नाही मला. माझ्यामुळं तुम्हाला लेकीचं तोंड बघायला मिळालं नाही."

साखराबाईनं मान हलवली. "ठाव हाय की. वळखलं मी तुमाला, दारात आलात तवाच." तिच्या आवाजात राग नव्हता, मला तो असता तर बरं वाटलं असतं. "ह्यो अंगद घटकाघटकाला म्हणायचा, आई, चल, पायी निघू, शेतातनं जाऊ, पाठीवर घेतो तुला. मीच न्हाई म्हणलं. मी म्हणलं, थांब लेकरा, सायेब पाच मिनटं म्हणलेत. येतील. सरकारी मानूस हाय, खोटं कशाला बोलंल."

अंगद शेळ्यांकडे तोंड करून उभा होता. मला तिथून उठता येईना आणि बसवेनाही. निघताना मी तिच्या पाया पडलो. तिनं पाय मागं घेतले, घाबरून. पोलीस पाया पडतोय म्हणजे यात आणखी काहीतरी असेल, असं तिला वाटलं असेल.


२८ जानेवारी, बुधवार

सुग्रीवच्या नोटिशीची मुदत आज होती. हजेरी सुरू व्हायच्या आधीच मॅडमच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, फाट्यावर मी होतो. कितीपासून कितीपर्यंत होतो, कोणाला अडवलं, काय काढलं, कुठं ठेवलं, सगळं.

मॅडमनी विचारलं, "त्या कुटुंबाची तक्रार आलेली नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

"ते तक्रार करणार नाहीत, मॅडम. ते दिवा बसवून मोकळे झाले."

त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मला सांगितलंत ते हजेरीत सांगाल?"

सांगितलं. चाळीस माणसं उभी होती. कोणी हसलं नाही. कोणी वर बघितलं नाही. मला वाटायचं सांगून टाकलं की हलकं वाटतं. तसं काही झालं नाही. सांगताना माझ्या लक्षात आलं, यातले बरेच जण चावी काढायला माझ्याकडूनच शिकलेत. नवीन भरतीच्या पोरांना मी शिकवायचो, मनगट असं फिरवायचं.

सुग्रीवची नोटीस मागं घेतली. मी बाहेर त्याच्याकडे गेलो. "सात दिस लावलेस, आसाराम," तो म्हणाला. "माझ्या बायकोनं सात दिस मला इचारलं, खरंच तुमी म्हातारीला उन्हात बसवलं का म्हून. मी काय सांगणार व्हतो तिला?" तो माझ्याशी बोलेल की नाही पुढं, माहीत नाही. तो नाही बोलला तरी माझी तक्रार नाही.

माझी चौकशी लागली. वेतनवाढ थांबेल. सस्पेंड करा म्हणालो तर मॅडम म्हणाल्या, "घरी बसून काय कराल? त्याच फाट्यावर उभे राहा."

स्वप्नालीला फोन करून सगळं सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "पप्पा, त्या आजी किती वेळ बसल्या होत्या म्हणालात?" साडेतीन तास, मी सांगितलं. तिनं फोन ठेवला नाही. मीच ठेवला.


५ फेब्रुवारी, गुरुवार

लेखी मत द्यायची मुदत जवळ आली. छापील कागद मिळालाय. 'सदर आदेश कायम ठेवावा काय? असल्यास कारणे.' 'होय' लिहिलं. कारणांसाठी चार ओळी सोडल्यात. माझ्या हातून चार पानं लिहून झाली, ती फाडली, आणि शेवटी लिहिलं: 'मी लहान कारणासाठी गाडी थांबवतो तेव्हा मी कारण बघत नाही, माणूस बघतो.' वाचून वाटलं, हे सरकारी भाषेत बसत नसेल, पण खरं आहे. तसंच दिलं.

आज फाट्यावर उभा होतो. उसाच्या ट्रॉल्या तेवढ्या थांबवत होतो, मागं रिफ्लेक्टर चिकटवत होतो. दुपारी बाराच्या सुमाराला एक माणूस मोटरसायकलवर आला. पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल, मागं पेंडीचं पोतं बांधलेलं. मागचा दिवा नव्हता. मी हात वर केला नव्हता. शिट्टी वाजवली नव्हती. मी फक्त त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं गाडी कडेला घेतली. खाली उतरला. स्वतःच चावी काढली आणि मान खाली घालून माझ्यापुढं धरली.

"जावा," मी म्हणालो. "काही नाही. जावा तुम्ही."

तो जाईना. हात तसाच. काहीतरी चुकलंय आणि ते आपल्याला कळत नाहीये, अशा नजरेनं तो एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा गाडीकडे बघत होता. "दिवा न्हाई सायेब," त्यानंच सांगितलं. "तुमी म्हणाल तसं."

मी त्याच्या मुठीवर हात ठेवून ती बंद केली. तो हादरला. तरी हलला नाही. पोलिसानं चावी परत दिली तर पुढं काय करायचं, हे त्याला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. मी काय करणार? शेवटी मीच रस्ता ओलांडला, बद्रीनाथच्या टपरीकडे गेलो आणि त्या माणसाकडे पाठ करून उभा राहिलो. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग गाडी सुरू झाली.